शिलंगणाची मोटार

पदमपुऱ्यातला बद्रीनाथ मोटारीखाली चेंगरून गेला, ही बातमी वैशाखातल्या एका दुपारी फुटली आणि चहाला आधण यायच्या आत फोनवरून त्याच्या सासुरवाडीला, बिडकीनला पोहोचली. बातमी समोरच्या साळूबाईची. साळूबाईची गच्ची गल्लीत सगळ्यांत उंच, आणि त्या उंचीचा एक इंचही तिनं कधी वाया जाऊ दिलेला नाही. त्या दुपारी तिला दिसलं ते एवढंच, की बद्रीनाथच्या अंगणात पत्र्याखाली ती काळी जुनाट फोर्ड उभी आहे आणि तिच्या पोटाखालून दोन पाय बाहेर आलेत. पाय हलत नव्हते. एका पायातली चप्पल निसटून उताणी पडली होती. साळूबाईनं "भाऊजी, ओ भाऊजी" करून पाहिलं. पाय ढिम्म. मग पुढची हाक तिनं बद्रीनाथला न मारता थेट गल्लीला मारली.

गल्ली जमली. कुणी पाण्याचा तांब्या आणला, कुणी तुळशीचं पान खुडलं, आणि एका उद्योगी माणसानं बांबू कुठले आणायचे याची चौकशीही सुरू केली. पायाला हात लावून बघायला मात्र कुणी तयार होईना. सगळे नुसते उभे राहून "चांगला होता बिचारा" म्हणत होते, जे बद्रीनाथबद्दल आजवर कुणी म्हटलं नव्हतं. तेवढ्यात डाव्या पायानं उजव्या पायाची पोटरी खाजवली.

मेलेला माणूस पोटरी खाजवत नाही एवढं शास्त्र पदमपुऱ्यालाही ठाऊक आहे. गल्लीची घोर निराशा झाली. खरी हकीकत अशी, की बद्रीनाथ जेवून गिअरबॉक्सचा एक बोल्ट सोडवायला मोटारीखाली शिरला होता. बोल्ट सुटला नाही, डोळा तेवढा लागला. घरात सगळ्यांत गार जागा तीच, आणि काम न करता कामात असल्यासारखं दिसायची सोयही तीच.

आता हा बद्रीनाथ कोण, ते सांगायला हवं. एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेला माणूस, असं म्हटलं की ऐकणारा जरा आदरानं बघतो. आदर फुकट जाऊ नये म्हणून पुढचंही सांगितलेलं बरं, की तो भांडारात होता. जाळीच्या खिडकीमागं बसून मेकॅनिकांना सुटे भाग द्यायचे हे त्याचं काम, आणि शक्य तोवर ते न देणं ही त्याची कर्तबगारी. अख्ख्या नोकरीत त्यानं एक नट आवळला नाही. पण कोणता नट कोणत्या मांडणीच्या कोणत्या खणात पडलाय, हे त्याला झोपेतून उठवून विचारावं. नट दिसतो कसा आणि लागतो कशाला, याच्याशी त्याला घेणं नव्हतं. "जागा चुकली नाय तर वस्तू चुकत नाय," हे त्याचं ब्रह्मवाक्य. एकदा रंगरंगोटीच्या वेळी दोन खणांची अदलाबदल झाली, तेव्हा त्यानं क्लचप्लेट मागणाऱ्या माणसाच्या हातात हॉर्न ठेवला, आणि ही क्लचप्लेटच आहे म्हणून त्याच्याशी वाद घातला, असं त्याचे जुने सोबती अजून सांगतात. हात जोडून सांगतात.

मोटार त्याच्या बापाची. म्हणजे बापाचीही नव्हे. बापाचं नाव कारभारी, तो एका जागीरदाराचा ड्रायव्हर. पोलीस ॲक्शन झाली, पाठोपाठ जागिरी गेल्या, आणि जागीरदारसाहेब बिऱ्हाड उचलून हैदराबादला निघून गेले. जाताना कारभारीला म्हणाले, गाडी सांभाळ, बोलावणं पाठवतो. कारभारीनं रोज सकाळी गाडी धुऊन पुसून बोलावण्याची वाट पाहिली. बोलावणं येईना, तेव्हा तो वाट बघत बघत बायकापोरांना घेऊन जत्रांना जाऊ लागला. पुढं दुसरा गिअर आपोआप सुटायला लागला. मग कारभारी एका हातानं स्टेअरिंग आणि दुसऱ्या हातानं गिअरची दांडी गच्च धरून गाडी हाकायचा, व्रात्य पोराचा कान धरावा तशी. कारभारी गेला आणि गिअरबॉक्सनंही अंग आखडून घेतलं. तेव्हापासून गाडी भिंतीकडं तोंड करून पत्र्याखाली उभी, शाळेत शिक्षा झाल्यासारखी.

निवृत्तीची शाल अंगावर होती तेव्हाच बद्रीनाथनं जाहीर केलं की गिअरबॉक्स आपण घरीच उघडणार, घरीच बांधणार. गल्लीच्या कोपऱ्यावर जब्बारचं गॅरेज आहे. जब्बारच्या बापानं, जहांगीर मिस्त्रीनं, हीच गाडी कारभारीच्या काळात दुरुस्त केलेली. इंजिन जब्बारनं येऊन चालूही करून दिलं. गिअरबॉक्स माझ्याकडं आणा, असंही म्हणाला. पण बद्रीनाथच्या लेखी मेकॅनिक ही मागणारी जमात. जन्मभर ज्यांना "उद्या या" म्हटलं, त्यांच्या दारात आज आपण जायचं? त्यापेक्षा मोटारीखाली झोपलेलं बरं. म्हणून तो झोपला होता, आणि म्हणून तो मेला होता.

बिडकीनहून जीप आली तेव्हा बद्रीनाथ ओट्यावर बसून चहा फुंकत होता. त्याच्या बायकोचा, आवडाबाईचा भाऊ रामकिसन भावकी भरून घेऊन आलेला. बायकांनी गल्लीच्या तोंडापासूनच गळा काढलेला होता, तो दारात येऊन मयताच्या हातातली बशी बघितल्यावर एकाएकी थांबवायचा कसा, हे त्यांना समजेना. एक म्हातारी तर रडं पुरं करूनच थांबली. एवढ्या लांबून आणलेलं परत कुठं न्यायचं. रामकिसन हा जमीनजुमल्याचा, मानापानाचा माणूस. बहिणीचं कुंकू शाबूत बघून त्याला आनंद झाला असणारच, पण तो चेहऱ्यावर यायच्या आधी राग पुढं आला.

त्यात त्याची नजर मोटारीच्या बॉनेटवर गेली. बद्रीनाथनं गिअरबॉक्सचं वरचं झाकण आधीच काढलेलं होतं आणि त्याच्याखाली बसवायचं पॅकिंग जाड कागदातून कापून वाळत ठेवलं होतं. बाजारातलं पॅकिंग आणणं म्हणजे पुन्हा कुणाच्या तरी खिडकीपुढं उभं राहणं. म्हणून घरातला सगळ्यांत जाड कागद त्यानं शोधला, आणि तो निघाला रामकिसनच्या पोरीची लग्नपत्रिका. कापण्याची पद्धत मात्र अस्सल मिस्त्रीची: झाकणावर कागद ठेवायचा आणि कडेकडेनं हातोडीनं टुकटुक करत जायचं, की कागद आपसूक कापला जातो. बोल्टाची भोकं अगदी जागच्या जागी पडली होती. एक गणपतीच्या पोटात आणि एक "आपला नम्र, रामकिसन" यातल्या किसनाच्या टाळक्यात.

रामकिसननं ते पॅकिंग दोन बोटांत धरून उन्हाकडं केलं. भोकातून ऊन त्याच्या मिशीवर पडलं. तो हळू आवाजात बहिणीला म्हणाला, अक्का, एक तर ह्या घरात ही गाडी राहील, नाय तर माझं येणंजाणं.

अशा वेळी बायका नवऱ्याची बाजू घेतात, असं बद्रीनाथनं कुठंतरी ऐकलेलं होतं. आवडाबाईनं पदर खोचला आणि भावाच्या पाठीवर स्वतःचं गाऱ्हाणं चढवलं. अंगणात ऊन पडतं ते बरोबर त्या पत्र्याच्या जागेवर. लग्न होऊन आल्यापासून तिच्या कुरडया आणि पापड साळूबाईच्या गच्चीवर वाळतात. साळूबाई राखण करते, पण राखणीचा तिचा हिशेब वेगळा. वाळल्यात का बघू म्हणून चार तळते, मीठ बेताचंय का बघू म्हणून आणखी चार. वर सांगते की आवडाबाईचा हात जरा आखडता आहे, गेल्या वर्षीपेक्षा पापड कमी भरले. "मला माझं ऊन पायजे," आवडाबाई म्हणाली. "मोटार काय मला वडा-पिंपळाखाली पण चालंल."

साळूबाई तिथंच तुळशीचं पान हातात धरून उभी होती. तिनं ते हळूच खाऊन टाकलं.

बद्रीनाथची खरी गोची इथं झाली. गाडी गेली तर नुसती गाडी जात नव्हती. बाप जन्मभर दुसऱ्याची गाडी हाकत मेला, आणि पोरगा जन्मभर दुसऱ्याच्या हाती वस्तू देत म्हातारा झाला. आपल्या हातानं बांधलेली एक गोष्ट जगात चालावी, एवढीच त्याची आस होती. ती बोलून दाखवली असती तर कदाचित कुणी ऐकलीही असती. पण तो बद्रीनाथ. त्यानं चहा संपवला, बशी खाली ठेवली आणि म्हणाला, "दसऱ्याला गाडी गल्लीची शिव ओलांडंल. शिलंगण करून आणतो तिला. नाय ओलांडली तर दुसऱ्या दिवशी रामकिसनरावांनी भंगारवाला घेऊन यावं."

गल्लीची शिव म्हणजे मोठ्या रस्त्यावरचा मारुती. दसऱ्याला गल्लीतली पुरुषमंडळी तिथवर जाऊन आपट्याची पानं लुटतात, मग कर्णपुऱ्याच्या देवीला. मयताला जमलेली गल्ली आता पंच म्हणून बसली आणि अट मंजूर झाली. आवडाबाईही "चालंल" म्हणाली. बांबू चौकशीपुरतेच राहिले.

त्यानंतर पावसाळाभर पदमपुऱ्याला करमणुकीची ददात पडली नाही. संध्याकाळी जब्बार गॅरेज बंद करून आपलं स्टूल घेऊन यायचा आणि बद्रीनाथच्या अंगणात बसायचा. मदत करायची नाही असं बजावलेलं असल्यानं तो नुसतं बघायचा, आणि सिनेमाला आल्यासारखे शेंगदाणे खायचा. गिअरबॉक्सच्या झाकणात दांड्या जागेवर धरून ठेवायला स्प्रिंगवर बसवलेला एक छर्रा असतो. दांडी ओढताना त्याच्यावर बोट ठेवावं लागतं, नाही तर तो उडतो. जब्बारनं शेंगदाणा मोडता मोडता तसं सांगितलंही. बद्रीनाथनं बोट ठेवलं ते स्वतःच्या ओठावर, जब्बारला गप्प करायला. छर्रा सुटला तो पत्र्याला ठणकन लागून साळूबाईच्या गच्चीकडं गेला. पुढं साळूबाईच्या सासूनं गच्चीवर ऊन दाखवायला काढलेली कुरडई चावताना दाढ गमावली, आणि छर्रा परत आला तो शिव्यांसकट आला.

मग ग्रीसचा प्रकार. आतल्या दांड्याभोवती सुईसारखे बारके रोलर बसवावे लागतात आणि ते गळू नयेत म्हणून ग्रीसमध्ये चिकटवतात. ग्रीस संपलं. जब्बारच्या गॅरेजात पिंपभर होतं, पण तिथं जाणं म्हणजे मागणं. बद्रीनाथनं आवडाबाईच्या डब्यातलं वनस्पती तूप वापरलं. रोलर छान चिकटले. सकाळी उठून बघतो तर मुंग्यांची रांग देवघराच्या उंबऱ्यापासून थेट गिअरबॉक्सात. जब्बारनं वाकून बघितलं आणि विचारलं, "बद्रीभाई, गिअर बनारे के बालूशाही?"

तरी गिअरबॉक्स झाला. खोटं कशाला बोला, झाला. दातांची झीज बघून त्यानं गुलमंडीपासून शहागंजापर्यंत जुनाबाजार पालथा घातला, दुसऱ्या गिअरचं चक्र याच जातीच्या कुठल्याशा मेलेल्या फोर्डच्या पोटातून मिळवलं, मुंग्या काढल्या, रॉकेलनं धुतलं, शेवटी ग्रीसही आणलं. स्वतः नाही, आवडाबाईला पाठवून. तिन्ही गिअर हातानं फिरवले की लोण्यासारखे पडायचे. दुसरा सुटेना. जब्बारनं स्वतः दांडी हलवून बघितली आणि शेंगदाण्याची पुडी बद्रीनाथपुढं केली. मेकॅनिक लोकांत याला पदवीदान म्हणतात.

इथंच थांबला असता तर गोष्ट वेगळी झाली असती. पण या जातीच्या फोर्डचा गिअरबॉक्स काढायचा तर मागचा अख्खा ॲक्सल सोडवून मागं ओढावा लागतो, आणि तो समोर पडलेला. त्याला काहीही झालेलं नव्हतं. जब्बार म्हणाला, "नक्को बद्रीभाई, जो चलरा उसको हात नक्को लगाओ." पण भांडारातल्या माणसाला बंद डबा बघवत नाही, आत काय आहे ते मोजल्याशिवाय त्याला जेवण गोड लागत नाही. नवरात्र बसलं त्या आठवड्यात बद्रीनाथनं ॲक्सल उघडला. आत चाकांना फिरवणारी मोठी दातेरी थाळी असते, तिला क्राउन म्हणतात. ती, तिचे बेअरिंग, दोन्हीकडचे दांडे असं सगळं त्यानं धुऊन पुसून एका चटईवर ओळीनं मांडलं. मांडणी भांडाराच्या शिस्तीची. भिंतीकडचं ते डावं, तुळशीकडचं ते उजवं. उचलायचं आणि त्याच क्रमानं आत ठेवायचं. वस्तूच्या तोंडाकडं बघायची गरजच नाही.

आणि मग खंडेनवमी आली.

खंडेनवमीला घरातली हत्यारं पुजतात. विळी, कुऱ्हाड, शिलाई मशीन, सगळ्यांना हळदीकुंकू आणि झेंडू. पुजलेलं हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत हलवायचं नाही. बद्रीनाथ सकाळीच कर्णपुऱ्याला दर्शनाला गेलेला. यात्रेच्या गर्दीत त्याला दुपार झाली. आवडाबाईनं नट आवळायचे पाने पुसून मांडले, आणि ती चटईपुढं येऊन थबकली. भिंत दक्षिणेला. चटईवरच्या साऱ्या वस्तूंची तोंडं भिंतीकडं, म्हणजे यमाकडं. वर्षाच्या सणाला घरातल्या लोखंडाचं तोंड यमाकडं ठेवून पूजा करायची? तिनं साळूबाईला हाक मारली. दोघींनी चटईची दोन टोकं धरली आणि ताटातलं वरण सांडू नये अशा बेतानं ती अलगद अर्ध्यात फिरवली. एक वायसर जागचा हलला नाही. मग तोंडं उत्तरेला झाली, देव निवांत झाला, आणि आवडाबाईनं क्राउनला झेंडूचा हार घालून त्याच्या दाताला कुंकू लावलं. साळूबाई आजही शपथेवर सांगते की आवडाबाईनं हे मुद्दाम केलं, उन्हासाठी. हे सपशेल खोटं आहे. आवडाबाईला क्राउन आणि पुरणाचं यंत्र यातला फरक कळत नाही, आणि कळावा अशी तिची इच्छाही नाही.

दसऱ्याला तांबडं फुटताच बद्रीनाथनं पूजेला नमस्कार केला, झेंडू बाजूला सारले आणि भरायला घेतलं. भिंतीकडचं ते डावं. तुळशीकडचं ते उजवं. हात असा चालत होता की बघणाऱ्याला वाटावं, जन्मभर हेच केलं. क्राउन उलट्या बाजूला बसला, आणि तो बसताना एका शब्दानंही तक्रार करत नाही, हीच त्या यंत्राची मोठी खोड. ॲक्सल बंद झाला. मग जब्बार आणि त्याच्या गॅरेजातली दोन माणसं हात लावायला आली. बंद डब्याच्या आत काय आहे हे जब्बारलाही दिसण्याचं कारण नव्हतं. ॲक्सल चढला, चाकं चढली, ब्रेक जोडले. चालवून बघायला वेळ उरला नाही. उन्हं कलली होती आणि गल्ली नवे कपडे घालून, आपट्याच्या डहाळ्या घेऊन अंगणात हजर होती. रामकिसन आला तो पान खात आला. भंगारवाल्याला सांगून ठेवलंय, उगं सकाळी खोळंबा नको, असं त्यानं येता येताच सगळ्यांच्या कानावर घातलं.

बॉनेटला हार, चाकाखाली लिंबू. बद्रीनाथ बापाची काळी टोपी घालून आत बसला. इंजिन पहिल्या झटक्यात बोललं. गाडीचं तोंड भिंतीकडं, म्हणजे अंगणातून निघायचं तर मागं यायला हवं. त्यानं ऐटीत रिव्हर्स टाकला, मान मागं वळवली, काचेतून जमलेल्या पंचांकडं एकदा पाहून घेतलं आणि क्लच सोडला.

गाडी पुढं गेली. भिंतीवर जाऊन धडकली, पत्रा खणखणला, वरून जुन्या चिमणीच्या घरट्याचा कचरा बॉनेटवरच्या हारावर पडला.

कुणी काही बोलायच्या आत जब्बार स्टुलावरून उतरून जमिनीवर बसला. तो हसत होता, पण आवाज निघत नव्हता. आवाज आला तेव्हा त्यानं समजावून सांगितलं की क्राउन उलटा बसलाय, आता चाकं उलटी फिरणार. पहिला मागं, दुसरा मागं, तिसराही मागं, आणि पुढं जायला एकटा रिव्हर्स. "तीन रिवर्स की गाडी अब्बा ने भी नै देखी थी," तो डोळे पुसत म्हणाला.

बद्रीनाथ आत तसाच बसून राहिला. भिंतीला टेकवून ठेवलेली चटई त्याला काचेतून दिसत होती. जागा चुकली नाही तर वस्तू चुकत नाही. मग जागा चुकली कशी? त्यानं मान वळवून बायकोकडं पाहिलं, आणि आवडाबाईनं कुणी न विचारता सांगून टाकलं: "मी नुसती चटई फिरवली. यमाकडं तोंड होतं सगळ्याचं."

ॲक्सल पुन्हा उघडायचा तर दोन दिवस, आणि सूर्य तर कर्णपुऱ्याच्या कळसाला टेकलेला. बाहेर रामकिसन म्हणत होता की सकाळी टेंपो पाठवतो, आणि भावकी हसत होती, आणि साळूबाई लांबूनच मोजत होती की पत्रा गेल्यावर त्या जागी किती पापड मावतील. बद्रीनाथच्या मनात बाप आला असेल, भांडाराची खिडकी आली असेल. चेहऱ्यावर मात्र घाम तेवढा दिसला. मग त्यानं बाहीनं टोपीखालचा घाम पुसला आणि गिअरची दांडी पहिल्यात टाकली.

गाडी भिंतीपासून सुटली आणि मागं मागं येत अंगणाबाहेर पडली. लोक बाजूला झाले. गल्ली सरळ, मारुतीपर्यंत वळण नाही, आणि गाडीची पाठ नेमकी मारुतीकडं. बद्रीनाथनं एक हात शेजारच्या सीटवर टाकला, मान पार मागं फिरवली आणि दुसरा टाकला. दुसरा, जो कारभारीच्या हातात कधी टिकला नाही, तो टिकला. तिसरा टाकायची छाती झाली नाही, आणि न झालेली बरी, नाही तर मारुतीला आणखी एक शेंदूर लागला असता.

मग ती सगळी मिरवणूक निघाली. पुढं पाठमोरी मोटार, आणि मागून अख्खी गल्ली तिच्या तोंडाकडं बघत चाललेली. हार घातलेलं बॉनेट आणि दोन वाटोळे दिवे लोकांकडं टक लावून लांब लांब जात होते, एखाद्या जाड्या नवरीनं माहेराकडं बघत बघत निघावं तसे. जब्बार बाजूनं धावत "दायें, बद्रीभाई, थोडा दायें" करत होता. मोठ्या रस्त्यावर गाडी मारुतीला वळसा घालून गेली आणि पलीकडं लिंबाखाली जाऊन थांबली. रिक्षावाले थांबून बघत होते. बद्रीनाथ उतरला. मान अजून वळलेलीच होती, ती त्यानं हातानं सरळ केली.

रामकिसन धापा टाकत आला. म्हणाला, हे काय शिलंगण झालं का, गाडी उलटी आली, अट मोडली. गल्लीनं आवडाबाईकडं पाहिलं, कारण ऊन तिचं होतं. आवडाबाईनं मारुतीकडं पाहिलं, लिंबाखालच्या गाडीकडं पाहिलं, आणि गाडीच्या काळ्या, सपाट, चांगल्या पसरट टपावर तिची नजर जरा जास्तच वेळ रेंगाळली. टपावर हात ठेवून बघितला. दिवसभर पत्र्याखाली असूनही तो कोमट होता.

"शिव वलांडली," ती भावाला म्हणाली. "गाडी राहील. पत्रे निघतील. पापड हिच्या टपावर वाळतील."

साळूबाईचा चेहरा पडला. रामकिसन हरला होता, पण बिडकीनचा माणूस हरला म्हणून गप्प बसत नाही. साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "दाजी, भर सणाला साऱ्या जगासमोर उलटं पळत आलात. काय वाटलं नाय का तुम्हाला?"

बद्रीनाथनं आपट्याचं एक पान त्याच्या हातावर ठेवलं, वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "रामकिसनराव, दारात सोयरे उभे असताना त्यांना पाठ दाखवून निघायची आमच्यात रीत नाय."